गाडी निघेल का हे नाही, थांबेल का ते विचारा: कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यासाठी टायर निवडताना

कॅनडात नव्याने आलेलं कुटुंब पहिली गाडी घेताना किती चाललीय ते बघतं, अपघाताचा रिपोर्ट काढतं, सीट गरम होतात का तेही विचारतं. टायरकडे वाकून बघणारे थोडे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या माणसाचं त्यात काही चुकत नाही. तिकडे टायरचा विचार पंक्चर झाल्यावर किंवा पावसाळ्याआधी टायर गोटा झाला की करायचा, एवढाच असतो. इथे मात्र नोव्हेंबर ते एप्रिल ब्रेक किती लागेल हे टायर ठरवतो. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबते ती रबराने रस्ता धरला तर.

मी ओंटारियोत राहणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. इतर प्रांतांत जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

आधी गैरसमज बाजूला ठेवू

"आपली गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, विंटर टायर कशाला?" हे वाक्य दर ऑक्टोबरमध्ये ऐकू येतं. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे बर्फात रुतलेली गाडी लवकर निघते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. थांबताना किंवा वळताना ऑल-व्हील ड्राइव्ह नव्याने काही देत नाही. उलट सिग्नलवरून झटकन निघालेल्या माणसाला रस्ता चांगला आहे असं वाटतं आणि पुढच्या सिग्नलला खरं काय ते कळतं. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर मी एकच कसोटी लावणार आहे: गाडी निघेल का हे नाही, थांबेल का.

दुसरा गैरसमज असा, की विंटर टायर बर्फ पडल्यावरच कामाचे. खरं तर ते थंडीचे टायर आहेत. खोबरेल तेल जसं थंडीत बाटलीतच थिजतं, तसं उन्हाळी आणि ऑल-सीझन (नावापुरत्या बारमाही) टायरचं रबर तापमान उतरलं की कडक होत जातं. सात अंश सेल्सियसच्या खाली हा फरक जाणवू लागतो, उणे दहा-पंधराला तर तो फारच मोठा असतो. कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत बसत नाही, नुसतं वरून घसरतं. विंटर टायरचं मिश्रणच असं बनवलेलं असतं की ते उणे तीसलाही लवचिक राहतं.

शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना या चिरा उघडतात, बर्फात त्यांची धार रुतते आणि थोडा बर्फ त्यांच्यात अडकून बसतो. हा अडकलेला बर्फ वाया जात नाही. बर्फावर बर्फाची पकड रबरापेक्षा चांगली असते. म्हणून विंटर टायरवर पांढरा थर चिकटलेला दिसला तर तो खरवडत बसू नका.

पहिली पायरी: तुमच्या प्रांतात नियम काय

क्युबेकमध्ये तिथे नोंदवलेल्या प्रवासी गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. दंड २०० ते ३०० डॉलर. ब्रिटिश कोलंबियात डोंगराळ महामार्गांवर फलक लावलेले असतात. त्यांतल्या बहुतेक रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, काहींवर ३१ मार्चपर्यंत, विंटर टायर हवेत आणि नक्षी किमान ३.५ मिलिमीटर खोल हवी. व्हँकूवरहून व्हिसलरला फिरायला जाणारे अशाच एका रस्त्याने जातात. ओंटारियोत सक्ती नाही. पण १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक विमा कंपनीला विंटर टायर लावणाऱ्यांना सवलत देणं भाग आहे. ती मोठी नसते, सहसा पाच टक्क्यांपर्यंत. तरी टोरंटो-ब्रॅम्प्टनचे हप्ते बघता ती सोडू नका. टायरची पावती ब्रोकरला पाठवा आणि सवलत कोणत्या तारखेपासून मिळेल ते लेखी घ्या. मॅनिटोबात सरकारी विमा कंपनीकडून टायरसाठी कमी व्याजाचं कर्जही मिळतं.

गाडी भाड्याने घेत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. क्युबेकमधल्या भाड्याच्या गाड्यांना सक्ती आहे, ओंटारियोत नाही. टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावर जानेवारीत मिळणारी गाडी बऱ्याचदा ऑल-सीझन टायरवर असते. बुकिंगच्या वेळीच विंटर टायर मागून घ्या. भारतातून आई-बाबा आले आहेत आणि गाडी भरून मॉन्ट्रियल किंवा ऑटवाला निघायचंय, तेव्हा तर नक्कीच.

दुसरी पायरी: टायरच्या कडेवरची खूण वाचा

टायरच्या बाजूवर दोन खुणा दिसू शकतात. एक 'एम+एस', म्हणजे मड आणि स्नो. ही खूण फक्त नक्षीच्या आकारावरून मिळते. त्यासाठी टायर बर्फावर चालवून पाहावा लागत नाही. बहुतेक ऑल-सीझन टायरांवर ती असते. तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही खूण १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झाली. ती मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान दहा टक्के जास्त पकड दाखवावी लागते. क्युबेकच्या कायद्यात हीच खूण मोजली जाते. ही नसेल तर टायर विकत घेऊ नका, मग दुकानदार काहीही म्हणो.

पण ही खूण म्हणजे शेवटची परीक्षा नाही. ती चाचणी वेग घेतानाच्या पकडीची आहे आणि दाबलेल्या बर्फावरची आहे. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर टायर किती थांबतो, हे त्या खुणेतून कळत नाही. डोंगर-हिमकण असलेल्या दोन टायरांत बर्फाच्या काचेवर थांबण्याचं अंतर बरंच वेगळं असू शकतं. म्हणून खूण बघून नकोत ते टायर आधी गाळा आणि उरलेल्यांचं बर्फावर थांबण्याचं अंतर कुठल्या स्वतंत्र चाचणीत मोजलंय का ते शोधा. युरोपात २०२१ पासून टायरच्या लेबलवर गोठलेल्या बर्फावरच्या पकडीची वेगळी खूणही येऊ लागली आहे. ती नॉर्डिक पद्धतीच्या, म्हणजे कडक थंडीसाठीच्या मऊ टायरांवर दिसते.

तिसरी पायरी: तुमचा हिवाळा कसा आहे

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच लोक उडवून लावतात. कॅनडाचा हिवाळा म्हणजे एकच हिवाळा नव्हे.

टोरंटो आणि आसपास: तापमान शून्याच्या वरखाली होत राहतं. दिवसा मीठ टाकलेल्या रस्त्यावर पाणी आणि स्लश (अर्धवट वितळलेला बर्फ), रात्री तेच गोठतं. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही थंड हवा वाहते. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. इथे बर्फावर पकड हवी आणि ओल्या डांबरावर पाणी बाहेर फेकण्याची ताकदही हवी.

मॉन्ट्रियल आणि ऑटवा: बर्फ जास्त, थंडी जास्त, गल्ल्यांतला बर्फ कित्येक दिवस तसाच. इथे बर्फावरच्या पकडीला झुकतं माप द्या.

विनिपेग, सॅस्काटून, एडमंटन: उणे तीस हे नेहमीचंच. उणे पंधराच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, म्हणून रस्त्यावर वाळू टाकतात आणि चौकाचौकांत दाबलेला, घासून गुळगुळीत झालेला बर्फ असतो. सर्वांत मऊ, नॉर्डिक टायर इथे शोभतात.

कॅल्गरी: रॉकी पर्वतावरून उतरणारा चिनूक वारा एका दुपारीत बर्फ वितळवतो आणि रात्री सगळं पुन्हा गोठतं. एकाच आठवड्यात कोरडा रस्ता आणि काचेसारखा रस्ता, दोन्ही.

व्हँकूवर शहरातच फिरायचं असेल तर पाऊसच जास्त. तिथे डोंगर-हिमकणाची खूण असलेले ऑल-वेदर टायर वर्षभर चालवणं शहाणपणाचं ठरू शकतं.

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतील. नॉर्डिक किंवा बर्फकेंद्री टायर: मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, कॉन्टिनेन्टल व्हायकिंगकॉन्टॅक्ट, नोकियन हाकापेलिटा. दुसरा प्रकार युरोपीय धाटणीचा, वेगवान रस्त्यांसाठी जरा कडक. मिशेलिन पायलट अल्पिन त्यातला. जर्मनीच्या ऑटोबानवर तो योग्य, पण ओंटारियोतल्या कुटुंबाच्या गाडीसाठी मी पहिला प्रकारच सुचवेन. तिसरा प्रकार खिळ्यांचा. पातळ, ओल्या बर्फावर खिळ्यांसारखं काही नाही. पण कोरड्या डांबरावर आवाज भयंकर, पकड कमी आणि रस्ताही खरवडला जातो. दक्षिण ओंटारियोत खिळ्यांवर बंदी आहे, उत्तर ओंटारियोत परवानगी आहे.

हाकापेलिटाची परंपरा जुनी आहे. फिनलंडच्या नोकियनने १९३४ मध्ये ट्रकसाठी जगातला पहिला हिवाळी टायर काढला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी याच नावाचा टायर आणला. ज्या देशात रस्ते अर्धं वर्ष पांढरे असतात, तिथल्या लोकांनी हे काम किती आधीपासून मनावर घेतलंय ते यावरून कळतं.

आता ऑल-वेदर. टोयो सेल्सियस, मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ हे टायर वर्षभर चालतात, खूण असते, क्युबेकमध्ये कायदेशीरही असतात. दोन सेट ठेवायला जागा नाही, बेसमेंट भाड्याचं आहे, गाडी फक्त शहरात फिरते, अशा माणसासाठी हा चांगला मधला मार्ग आहे. साध्या ऑल-सीझनपेक्षा कितीतरी बरा. पण पहाटे पाचला वेअरहाउसच्या शिफ्टला जाणारे, रात्री हॉस्पिटलमधून परतणारे, रोज ४०१ किंवा ४०० या हायवेंवरून जाणारे, यांनी हा मार्ग धरू नये. मीठ टाकणारे ट्रक येण्याआधी रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाला खरा विंटर टायरच हवा.

चौथी पायरी: माप आणि रिम

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. तिथे २०५/५५ आर १६ ९१एच असं काहीतरी लिहिलेलं असेल. २०५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरच्या कडेची उंची, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढचा ९१ हा वजनाचा आकडा: एका टायरवर ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे २१०. विंटर टायरमध्ये वेगाचं अक्षर एखाद्या पायरीने खालचं चालतं. वजनाचा आकडा मात्र कधीच कमी घेऊ नका. इलेक्ट्रिक गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्यांच्या बाबतीत तर हा आकडा दोनदा तपासा.

गाडीला मोठे, चपट्या टायरचे रिम असतील तर हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम घेणं फायद्याचं. उदाहरणार्थ २२५/४५ आर १७ च्या जागी २०५/५५ आर १६. चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो (सुमारे ६३४ आणि ६३२ मिलिमीटर), त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. अरुंद टायर स्लशमधून कापत जातो, खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता कमी होते आणि टायर स्वस्तही पडतो. अट एकच: लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागावर) घासता कामा नये. गाडीच्या त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरियंटला कंपनी १६ इंची चाक देते का ते बघा. देत असेल तर सहसा तुमच्या गाडीलाही बसतं, पण दुकानात खात्री करून घ्या.

आणि हो, विंटर टायरसाठी वेगळे स्टीलचे रिम घ्याच. एकाच रिमवर दरवर्षी दोनदा टायर काढायचे-चढवायचे तर दर वेळी मजुरी जास्त पडते आणि टायरच्या काठाला इजा होण्याची भीती असते. दोन-तीन हिवाळ्यांत रिमचे पैसे वसूल होतात. जुने रिम घेताना बोल्टांची संख्या आणि अंतर जुळलं म्हणजे झालं असं समजू नका. होंडा सीआर-व्ही आणि टोयोटा आरएव्ही४, दोघांचे पाच नट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. पण मधलं भोक होंडाचं ६४.१ आणि टोयोटाचं ६०.१. शिवाय होंडाच्या कंपनीच्या रिमसाठी गोल बुडाचे नट असतात, तर बाहेरच्या बहुतेक रिमना निमुळते लागतात. चुकीचा नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे सैल होतो.

हवेचा दाब सांगणारे सेन्सर जुन्या रिमवरच राहिले तर हिवाळाभर डॅशबोर्डवर पिवळा दिवा दिसेल. गाडी चालते, पण हवा कमी झाल्याचं कळणार नाही. जमलं तर दुसरा सेट घ्या. काही गाड्या, विशेषतः बऱ्याच होंडा, एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने हवा ओळखतात; त्यांना वेगळे सेन्सर लागत नाहीत.

चार म्हणजे चार

"पुढे दोन बसवू, गाडी पुढच्याच चाकांवर चालते ना!" दोन टायरचे पैसे वाचतात, पण गाडी जास्त धोकादायक होते. पुढच्या चाकांना पकड मिळते, मागच्यांना नाही. हायवेच्या एक्झिटवर वळताना ब्रेक दाबला की पुढचा भाग मंदावतो, मागचा तसाच जोरात पुढे येऊ बघतो आणि गाडी गरकन फिरते. पैसे कमी असतील तर चार साध्या ब्रँडचे घ्या, पण खूण असलेले आणि चारही एकाच मॉडेलचे.

कधी घ्यायचे, जुने चालतील का

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात घ्या. पहिला बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं शहर टायरच्या दुकानात असतं. तुमचं माप संपलेलं असतं आणि अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळते. टोरंटोत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टायर गाडीवर असायला हवेत, कॅल्गरी-विनिपेगला ऑक्टोबरमध्येच. दुकानाने सांगितलेल्या भावात बसवणं, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व आणि कर धरलाय का, हे विचारूनच तुलना करा.

किजिजी या जाहिरातींच्या साइटवर किंवा फेसबुकवर वापरलेले सेट स्वस्तात मिळतात. ते घेणं वाईट नाही, पण दिवसाउजेडी बघायला जा आणि नक्षी मोजायचं छोटं गेज बरोबर न्या. हे गेज चार-पाच डॉलरला मिळतं. नव्या विंटर टायरची नक्षी साधारण आठ-नऊ मिलिमीटर असते. चारच्या खाली गेलेला टायर बर्फासाठी संपला, कायद्याने चालत असला तरी. ब्लिझॅकच्या अनेक मॉडेलांत बर्फ धरणारं खास रबर वरच्या थरातच असतं. अर्धा झिजलेला ब्लिझॅक नव्याच्या निम्म्या किमतीलाही महाग.

मग वय बघा. बाजूवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. विंटर टायर सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी कितीही दिसो, रबर कडक व्हायला लागलेलं असतं. बाजूला फुगा, खोल चीर किंवा काठाजवळ पॅच असेल तर तिथूनच परत फिरा.

बसवल्यानंतर

पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. दुकानं हे सहसा फुकट करून देतात. नक्षीला दिशा असेल तर बाजूवर बाण असतो. चाक उलटं बसवलेलं नाही ना, हे गाडी ताब्यात घेतानाच बघा. हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना मोजा. तापमान साधारण सहा अंशांनी उतरलं की दाब एक पीएसआयने उतरतो. सप्टेंबरला बरोबर भरलेली हवा जानेवारीत बरीच कमी झालेली असते.

मग पहिल्या बर्फाच्या दिवशी, रविवारी सकाळी, एखाद्या मॉलचं रिकामं पार्किंग गाठा. ताशी ३० वेगाने जा आणि ब्रेक जोरात दाबा. पेडल पायाखाली थरथरेल, करकर आवाज येईल. तो एबीएस आहे. पाय उचलू नका, पंप करू नका, दाबून ठेवा आणि स्टिअरिंग जिथे जायचंय तिकडे वळवा. गाडी किती पुढे जाऊन थांबते ते नजरेत भरून घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. हे पार्किंगमध्ये कळलेलं बरं. घरात ज्यांना ज्यांना गाडी चालवायची आहे, त्या प्रत्येकाने हे करावं, नवऱ्यानेच नव्हे.

एप्रिलमध्ये

पहाटेचं तापमान सातच्या वर टिकायला लागलं की टायर उतरवा. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर विंटर टायर भराभर झिजतो आणि थांबायला उशीर करतो. काढताना प्रत्येकावर खडूने लिहून ठेवा: पुढचा डावा, मागचा उजवा. पुढच्या हिवाळ्यात पुढचे मागे लावायचे आहेत. मीठ धुऊन, कोरडे करून, काळ्या पिशवीत भरून गार, अंधाऱ्या जागी ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक रचा, नुसते टायर असतील तर उभे. बेसमेंटच्या फर्नेसजवळ ठेवू नका, तिथल्या मोटरमधून निघणारा ओझोन रबराला खातो. अपार्टमेंटमध्ये जागाच नसेल तर बरीच दुकानं सहा महिन्यांसाठी पैसे घेऊन टायर सांभाळतात. आणि पिशवी बांधण्याआधी चारही टायरांची नक्षी मोजून आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या ऑगस्टला नवे घ्यायचेत की नाही हे पिशवी न उघडता कळेल.